पद्मामामींच्या आंब्याची नोटीस

मानोजीराव, तुम्ही झाडावरून पडून गेला नाहीत, हे लोकांना पटवता पटवता माझा घसा बसलाय.

आज चौदावा दिवस. ज्याला कळतं तो आधी डोळे मिटून "अय्यो" म्हणतो आणि लगेच डोळे उघडून विचारतो, "कुठल्या झाडावरून?" अड्यारच्या औषधाच्या दुकानात तर एकाने उंचीसुद्धा विचारली. मी सांगतो, खुर्चीवरून. म्हणजे खुर्चीवरूनही पडले नाहीत, खुर्चीतच गेले. सकाळी सव्वासहाची वेळ, तिरुवल्लिकेणीतलं तुमचं घर, निळी प्लास्टिकची खुर्ची, बुटांच्या नाड्या बांधून झालेल्या, कॉफीचा टंबलर रिकामा. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. एकतीस वर्षं पन्नास-पन्नास फुटांवर लटकलेल्या माणसाने जमिनीपासून दीड फुटावर मरावं, ही त्याला फसवणूक वाटते. खरं सांगू? मलाही वाटते. अकरा वर्षं मी खाली दोर धरून उभा राहिलो, तो कशासाठी? तुम्ही गेलात तेव्हा दोर गाडीच्या डिकीत होता आणि मी शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला हॉर्न वाजवत होतो.

आपली पहिली भेटही काही धड झाली नव्हती. मी सांगलीचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस, बदली होऊन चेन्नईला आलेला. वादळात सोसायटीतल्या गुलमोहराची फांदी माझ्या गाडीच्या टपावर येऊन बसली. कुणीतरी "झाडांचा सर्जन" असं छापलेलं तुमचं कार्ड दिलं. तुम्ही आलात, गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत, सरळ गुलमोहराच्या खोडावर तळहात ठेवलात आणि बोलायला लागलात.

"उद्यां सकाळीं आम्ही येतों. मोडली ती फांदी घेतों, बाकी झाड तुमचेंच. जे कोणी वस्तीस आहां, त्यांणीं आज निघावें. राग नको."

माझ्या गाडीवर अर्धं झाड पडलेलं, आणि तुम्ही उरलेल्या अर्ध्याला एक दिवसाची मुदत देत होतात! मी संतापलो. रागात भाषेची निवड करायला वेळ मिळत नाही, त्यामुळे मराठीतच ओरडलो, "अहो, हे काय चाललंय?" तुम्ही वळलात, माझ्याकडे नीट पाहिलंत आणि म्हणालात, "तुम्ही मराठे कीं काय? अगोदर सांगायचें नाही? जेवण झालें?"

आठ महिने मी फोनशिवाय मराठी ऐकली नव्हती. आणि ती ऐकू आली ती अशी, जुन्या खतपत्रातून उठून आल्यासारखी, वर तमिळ हेल. गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फांदीखाली राहिली. सकाळी तुम्ही आलात तेव्हा वर एक खार बसलेली दिसली, आणि ती जाईपर्यंत तुम्ही डबा उघडून इडली खात बसलात. मीही दोन खाल्ल्या.

पुढे कारखान्यातला माझा विभाग बंद झाला आणि मी तुमचा दोर धरायला आलो. घरच्यांना सांगलीत अजूनही वाटतं की मी "पर्यावरण क्षेत्रात" आहे. आहेच की. त्या क्षेत्राच्या बरोबर खाली उभा असतो.

ही नोटीस देण्याची पद्धत तुमच्या आजोबांची. तंजावरला ते विहिरीकाठच्या झाडांची कामं करायचे आणि एक दिवस आधी सांगितल्याशिवाय कोयता लावायचे नाहीत. गिऱ्हाइकाला तुम्ही कधी वेळ दिली नाहीत. "येतों, येतों" म्हणून त्याला चार-चार दिवस ताटकळत ठेवायचात. पण झाडाशी मात्र शब्दाला पक्के. नोटीस एका दिवसाची. तो दिवस हुकला की नोटीस संपली, गेलेले सगळे परत येऊन बसतात, पुन्हा सांगावं लागतं. मी हसायचो तेव्हा म्हणायचात, "शिंदे सार, दुसऱ्याच्या घरांत बेल न वाजवतां शिरलां तर पोलीस धरतील कीं नाही?"

आपलं भांडण नोटिशीवरून नव्हतंच, ते भाषेवरून होतं. माझं म्हणणं, चेन्नईतलं झाड आहे, त्याच्याशी तमिळमध्ये बोला. तुमचं म्हणणं, "तमिळ तें दिवसभर ऐकतें. रिक्षावाले, मासळीवाली, वरच्या मजल्यावरचे नवराबायको, सगळे त्याच्याच खालीं भांडतात. तें आतां लक्ष देत नाही. मराठी ऐकली कीं विचार करतें, हें कोण आलें?"

"मग इंग्रजीत द्या."

"इंग्रजीत दिली तर तें वकील करील."

अकरा वर्षं हा वाद चालला. तो संपवायच्या आधी तुम्ही निघून गेलात, हे मला अजिबात पटलेलं नाही.

लोकांना वाटायचं झाडावर चढणं हे कठीण काम. कठीण काम खाली असायचं, गिऱ्हाइकाशी बोलण्याचं. एका बाईंनी तक्रार केली, झाड पानं फार गाळतं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "अम्मा, केस गळतात म्हणून डोकें काढतां का?" ते काम गेलं. एका गृहस्थांना फक्त ज्या फांदीवर कावळा बसून त्यांच्या गाडीवर शिटतो तेवढीच काढून हवी होती. मी म्हटलं, कावळा दुसऱ्या फांदीवर बसेल. ते म्हणाले, मग ती पण काढा. असं करत करत त्यांनी अख्खं झाड तोंडी तोडलं, आणि तुम्ही म्हणालात, "सार, गाडी दोन हात पुढें लावा." तेही काम गेलं. मी चिडायचो. धंदा करायचाय की नाही? तुम्ही दोराची गुंडाळी खांद्यावर टाकून "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत चालू पडायचात, आणि पुढच्या पावसाआधी तेच गृहस्थ पुन्हा तुम्हालाच फोन करायचे. हे कसं व्हायचं ते मला कधी कळलं नाही.

आणि कावळे! अंड्यांचं घरटं दिसलं की तुम्ही काम महिनाभर पुढे ढकलायचात, पण कावळ्यांना त्याचं काय? त्यांनी तुम्हाला डोकावताना पाहिलेलं. अड्यारच्या त्या एका गल्लीत शिरलात की तुमच्या टकलावर चोच ठरलेली. मी सक्तीने तुमच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलं. कावळ्यांनी हेल्मेट लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते मी घातलं आणि तुमच्या वाटणीचा मार मी खाल्ला. तुम्ही वर फांदीवर इतके हसत होतात की दोर थरथरत होता. तुमचं हसू मला आधी तळहाताला कळायचं आणि मग कानाला.

दोराचं असंच असतं. तो वरच्या बेचक्यातून खाली येतो, खोडाला दोन वेढे घेतो आणि त्याचं टोक माझ्या हातात. तुम्ही वर दम खाताय, की रागावलाय, की फणस बघून थांबलाय, सगळं मला टोकाला कळायचं. पण मी तपासनिसाच्या जातीचा. हाताला कळलेल्यावर माझा विश्वास नाही, कागदावर खूण पाहिजे. म्हणून मी पहिल्याच महिन्यात यादी केली. बावीस ओळी, प्लास्टिकच्या आवरणात, पुसता येईल अशा पेनाने खुणा करायच्या. तुमच्यासाठी मुद्दाम मराठीत. मोठ्या अक्षरात, ठळक. यादी केली त्या दिवशी मी ती एकदा मोठ्याने वाचून दाखवली आणि तुम्ही शेवटपर्यंत मान डोलावलीत. त्यानंतर रोज चढण्याआधी तुम्ही ते कार्ड हातात घ्यायचात, गंभीर चेहऱ्याने वरून खाली पाहायचात आणि बावीसच्या बावीस खुणा करून मला परत द्यायचात. कारखान्यात वीस वर्षं काढली, इतका शिस्तीचा माणूस मी पाहिला नव्हता.

बाविसावी ओळ तर तुम्ही देवासारखी पाळलीत. उतरण्याआधी खालच्या माणसाची हाक. मी "खाली मी आहे, या" म्हटल्याशिवाय तुम्ही एक पाऊल खाली टाकायचा नाहीत. एकदा मी फोनवर सांगलीशी बोलण्यात गुंतलो. फोन ठेवून वर पाहिलं तर तुम्ही करंजाच्या फांदीवर मांडी घालून, खिशातले शेंगदाणे संपवून, समुद्र कुठे दिसतो का ते बघत होतात. पाऊण तास झाला होता. मी घाबरून हाक दिली. खाली आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "तुम्ही सांगटलें नाही, मी आलों नाही."

आता त्या गोष्टीकडे येतो. तिच्यावाचून हा लेख पुरा होणार नाही, आणि तिच्यामुळेच तो लिहायला चौदा दिवस लागले.

आडी महिन्यापासून, म्हणजे आपल्या आषाढापासून, तुम्ही हलके झाला होतात.

पूर्वी दोन वेढ्यांवर तुमचं वजन बरोबर बसायचं. मी मूठ जरा सैल केली की तुम्ही सावकाश खाली यायचात. आडीनंतर मूठ सोडली तरी तुम्ही वरच अडकून. मला एक वेढा काढावा लागायचा, तेव्हा कुठे दोर चालायचा. मी स्वतःला सांगितलं, दोर नवा आहे, खरखरीत आहे. मग दोर जुना झाला तरी तेच. एकदा थट्टेत विचारलं, "वहिनी जेवायला घालत नाहीत का?" तुम्ही म्हणालात, "या वयांत फांदीस भार नको." आपण दोघं हसलो. आणि मी कार्डाकडे पाहिलं. ओळ सात: चढणाऱ्याची तब्येत ठीक आहे का? पुढे तुमची खूण, स्वच्छ, ठसठशीत. मला बरं वाटलं.

दहाव्या दिवशी आम्ही पिंड ठेवला. वहिनींना धाकधूक, कावळा शिवतो की नाही. मला वेगळीच धाकधूक, येतील आणि मलाच टोचतील. आम्ही चार पावलं मागे सरकतो न सरकतो तोच सात कावळे आले. सात! वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "पाहा, कांहीं इच्छा उरली नाही." तुम्ही नोटीस दिलेला आणि काम राहून गेलेला पद्मामामींचा आंबा माझ्या डोळ्यांपुढे होता.

मग घरी आल्यावर वहिनींनी तुमची पिशवी माझ्यापुढे ठेवली. हातमोजे, हातकरवत, शेंगदाण्याची पुडी आणि ते कार्ड. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हें काय लिहिलें आहे? जरा वाचून दाखवा."

मी म्हटलं, "वहिनी, हे ते रोज वाचायचे."

"त्यांस हीं अक्षरें कोठें येत? आम्हां घरीं मराठी बोलायची. लिहायची ती तमिळ अक्षरांत. त्यांस तमिळ वाचतां ये, इंग्रजी ये. हें नाही."

मानोजीराव, अकरा वर्षं!

मी ते कार्ड हातात घेतलं. शेवटच्या कामाच्या खुणा तशाच होत्या. नवव्या ओळीला बरोबरची खूण, यंत्राच्या करवतीत पेट्रोल भरलं का. त्या दिवशी आपण हातकरवत नेली होती. पंधराव्या ओळीला खूण, विजेची तार बंद केली का. ते झाड मोकळ्या मैदानात होतं, जवळपास तारच नव्हती. कारखान्यात न तपासता केलेली खूण मी वासावरून ओळखायचो. पोरं थरथरायची मला. आणि इथे रोज सकाळी एक माणूस माझ्या तोंडावर बावीस खोट्या खुणा करून, वर मला मान डोलावून झाडावर चढत होता. तुम्हाला ठाऊक असलेली एकच ओळ होती ती बाविसावी, आणि तीही पहिल्या दिवशी ऐकलेली. मी मोठ्याने हसायला लागलो. वहिनी घाबरल्या. मग त्याही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी विचारलं,

"आडींत डाक्टरानें सांगटलें, हृदय बरें नाही, चढूं नका. ते म्हणाले, शिंदे सारांस सांगटलें आहे, ते दोन्ही हातांनीं दोर धरतात. तुम्हास सांगटलें होतें, नव्हे?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो वहिनी, सांगितलं होतं. आम्ही जपूनच काम करत होतो."

तुमच्यासाठी मी खोटं बोललो. मेलेल्या माणसासाठी न तपासता खूण केली. रस्त्यावर आलो आणि तुमचा असा संताप आला की तुम्ही समोर असतात तर दोराने त्या निळ्या खुर्चीला बांधून ठेवलं असतं. मला सांगायला काय झालं होतं?

पण संताप बस स्टॉपपर्यंतच टिकला. कारण मला माहीत होतं, मानोजीराव. तुम्ही सांगितलं नाहीत, पण दोराने सांगितलं होतं. महिनोन् महिने सांगत होता. मी तोंड उघडून, सरळ, थट्टा न करता एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं आणि तुम्ही खरं बोलला असतात, तर आपलं काम थांबलं असतं. मग मी सकाळी उठून कुठे जाणार होतो? या शहरात माझ्याशी मराठीत भांडायला दुसरं होतं कोण? म्हणून मी सातव्या ओळीतल्या त्या खुणेवर विश्वास ठेवला. तुम्हाला निदान ती ओळ वाचता येत नव्हती. मला येत होती.

हे मला तुमच्याकडे कबूल करायचं होतं. आणि गंमत बघा, कबुली लिहितोय तीही अशा अक्षरांत जी तुम्हाला वाचता यायची नाहीत.

आता पद्मामामींचा आंबा. त्यांच्या झोपायच्या खोलीवर आलेली ती चिरलेली फांदी तुम्ही बुधवारी संध्याकाळी पाहिलीत, नोटीस दिलीत आणि गुरुवारी सकाळी बुटांच्या नाड्या बांधून खुर्चीत बसलात ते बसलातच. पाऊस तोंडावर आलाय. समुद्राकडून वारं सुटलं की मामी अंथरूण घेऊन स्वयंपाकघरात झोपायला जातात. मी सेल्वमला गाठलं. चांगला चढणारा आहे, वजन चौऱ्याऐंशी किलो, खोडाला तीन वेढे लागतील. सगळं ठरलं आणि तो म्हणतो, "राव सारांची नोटीस जुनी झाली, सार. नवी द्या, मग चढतो."

"मी देऊ?"

"मग कोण देणार? दोर तुमच्याच हातात ना."

यंत्राची करवत वापरणारा, कानात गाणी लावून फिरणारा पोरगेला माणूस. तुम्ही अख्ख्या दक्षिण चेन्नईतल्या झाडवाल्यांना बिघडवून ठेवलंय.

आज संध्याकाळी गेलो. मनात पक्कं केलं होतं, नोटीस तमिळमध्ये द्यायची. तुम्ही नाहीत, आता वाद जिंकायला हरकत नव्हती. खोडावर तळहात ठेवला, घसा साफ केला आणि "नाळैक्कु कालैयिले" म्हणजे उद्या सकाळी, इथपर्यंत आलो, तोच मामी व्हरांड्यातून म्हणाल्या, "तमिळ वेण्डाम, शिंदे सार. राव त्याच्याशी तुमच्या भाषेत बोलायचे. त्याला तीच सवय आहे."

साठ वर्षं त्या घरात राहिलेल्या, आयुष्यात मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या मामी! तुम्ही जिंकलात. घ्या.

मग मी मराठीत सांगितलं. तुमच्यासारखं नाही आलं, सांगलीचंच आलं. मोठ्याने बोललो, कारण लिहून काय होतं ते आता मला कळलंय. मामी ऐकत होत्या, खारी ऐकत होत्या, आणि कुंपणावर दोन कावळे माझ्या डोक्याकडे बघत बसले होते. तुम्हीच म्हणायचात, दिवस हुकला की गेलेले सगळे परत येऊन बसतात. तुमचा गुरुवार हुकलाय. तेव्हा तुम्ही कुठे जाऊन बसला असाल याचा मला अंदाज आहे, म्हणून जाताना जे झाडाला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

उद्या सकाळी आठ वाजता आम्ही येतो. चिरलेली फांदी घेतो, बाकी झाड तुमचंच. वर कोणी राहत असेल त्याने आज निघावं, राग नको. आणि मानोजीराव, तब्येत कशी आहे? हे आधी विचारायचं राहिलं. घाई करू नका, एक वेढा मी काढून ठेवलाय. खाली मी आहे, या.